डब्या टाकू नका: जुन्या स्पूलबद्दल विचारणाऱ्यांना

घरात सापडलेली स्पूल (ध्वनिमुद्रणाच्या टेपची रिळं) आणि लाखेच्या तबकड्या (जुन्या ग्रामोफोन रेकॉर्ड) डिजिटल करायला कुठलं यंत्र घ्यावं, खरखर कशी काढावी, हे तुम्ही विचारलंय. ते ठीक. पण "फाटक्या डब्या फेकून सगळं नव्या खोक्यांत भरणार आहे" हे वाचलं आणि राहवलं नाही. एकही डबी टाकू नका.

आजोबांनी रेकॉर्ड केलेली २२ स्पूल मी एका संस्थेकडे दिली होती. पोचपावतीवर एवढंच: "स्पूल, नग २२". दीड वर्ष खेटे घातल्यावर ती परत मिळाली, एकसारख्या कोऱ्या खोक्यांत. जुन्या डब्यांना बुरशी होती म्हणे, टाकून दिल्या. गाणारं कोण, साथीला कोण, तारीख, हे सगळं आजोबांनी त्या डब्यांवरच पेन्सिलीनं लिहिलं होतं. आज माझ्याकडे एका बाईंचा अप्रतिम आवाज आहे आणि त्या कोण हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. वर दिलं काय, तर खरखर काढलेलं एमपी३. खरखरीबरोबर त्यांचे श्वासही पुसले गेलेत. अजून चीड येते.

१९०२ साली कोलकात्यात गायिका गौहर जान ध्वनिमुद्रणाच्या शेवटी स्वतःचं नाव सांगत, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत आणि तिथल्या लोकांना आवाज कुणाचा ते कळायला हवं. घरगुती स्पूलवर असं कुणी नाव सांगत नाही. म्हणून आधी डबी, लेबल, आतली चिठ्ठी, सगळ्यांचे फोटो काढा.

मी तंत्रज्ञ नाही, अनुभवावरून सांगतोय. पहिली डिजिटल प्रत ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट या दर्जाची, वेव्ह फाइल (आवाज न आवळता साठवणारी), काहीही साफ न करता. खरखर काढायचीच तर दुसऱ्या प्रतीवर. टेप चिकट लागली तर वाजवू नका. ती मंद उष्णतेवर सुकवतात, पण ते जाणकाराचं काम. आणि व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तो उपाय अजिबात नको. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. एलपीची (नंतरच्या व्हिनाइल रेकॉर्डची) सुईही तिला चालत नाही, जवळपास तिप्पट जाड लागते.

तुमच्या आत्याबाई या स्पूलवरच्या गाण्याच्या बैठकांना असायच्या असं तुम्ही लिहिलंय. यंत्र नंतर घ्या. डब्यांवरची नावं त्यांना या रविवारीच वाचून दाखवा आणि त्या बोलतील ते फोनवर रेकॉर्ड करा.