एल्कच्या आधी सिंहगड

प्रश्न: दादा, कंपनी मला एल-वन व्हिसावर डेन्व्हरला पाठवतेय. तिकडच्या टीममधले चारपाच जण दर ऑक्टोबरला एल्कच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला जातात, तूपण चल म्हणतायत. मी जत्रेतले फुगे सोडले तर आजवर काही फोडलेलं नाही. रायफल कुठली घेऊ, आणि इथून काय काय नेऊ? आईला अजून सांगितलं नाहीये. (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: आईला आधी सांग रे बाबा. आणि जायच्या आधी इकडे मुळशी-ताम्हिणीत जरा हात साफ करू असं काही डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाक, आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे, सरळ जेल.

रायफल कुठली हा सध्या प्रश्नच नाही. तू असल्या व्हिसावर असशील तर तिथलं हंटिंग लायसन्स खिशात आल्याशिवाय बंदूकच काय काडतूसही जवळ बाळगायचं नाही, मित्राची उसनी घेतली तरी तेच, फेडरल कायदा आहे. लायसन्ससाठी आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला. कोलोरॅडोत, म्हणजे डेन्व्हरच्या राज्यात, सलग सहा महिने राहिलास की रहिवासी म्हणून लायसन्स मिळतं, बाहेरच्यांना तेच कितीतरी पट महाग पडतं, म्हणून घाई करू नको.

मी तिकडे असताना दोन सीझन नुसता हमाल म्हणून गेलो होतो आणि तेव्हा कळलं की गोळी झाडणं हे सगळ्यात छोटं काम. मोठा नर ३०० किलोच्या पुढे जातो, एकेक मागची तंगडी हाडासकट २५-३० किलोची, आणि गाडी असते कुठेतरी तीनचार किलोमीटर लांब. पोट न फाडता जागेवरच चार तंगड्या आणि पाठीचं मांस सोडवतात, कातडं लगेच उतरवायचं कारण त्याच्या आत गरमी कोंडते आणि हाडाजवळचं मांस आंबतं, मग हवा खेळेल अशा कापडी पिशव्यांत भरून सावलीत टांगायचं. एकटा असशील तर चारपाच खेपा धर.

म्हणून आत्तापासून दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड, पाठीवर पाच-पाच लिटरचे दोन कॅन, पुढच्या महिन्यात तीन. आणि वर पोचल्यावर पाणी ओतून देऊन पिठलं-भाकरी खाऊन हलका होऊन उतरू नकोस, ओझं घेऊनच उतर, गुडघे उतरतानाच बोलतात. सिंहगडाचा माथा १३०० मीटर, डेन्व्हर शहरच १६०० वर आणि एल्क त्याच्याही हजारेक मीटर वर, त्यामुळे गेल्यावर दम लागणारच. बूट मात्र इथेच घेऊन घाल, नवे बूट तिथे पहिल्यांदा घातलेस तर दुसऱ्या दिवशी तंबूत बसशील. आत लोकरीचे कपडे, सुती अजिबात नको, घामाने भिजलं की वाळत नाही आणि थंडीत जीव जातो. दहा बाय बेचाळीसची दुर्बीण घे, दिवसातला अर्धा वेळ तिच्यातूनच बघायचंय.

वाऱ्याचं गणित शीक. पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते, ऊन चढलं की उलटी वर, म्हणजे पहाटे तू एल्कच्या खाली आणि उशिरा तू वर. एल्कला वास गेला की संपलं, वारा कुठे वाहतोय ते उडवून बघायला पावडरची छोटी डबी खिशात ठेव.

नेमबाजीचं म्हणशील तर बालेवाडीला एअर रायफलवर ट्रिगर कसा दाबायचा ते शिकून घे. आपल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसला ज्यात ब्राँझ मिळवलं त्यात गुडघ्यावर, पालथं आणि उभं, तिन्ही करावं लागतं, डोंगरातही टेबल कोणी देत नाही. जनावर कूस तुझ्याकडे करून उभं असेल तरच गोळी झाड, पुढच्या पायामागे, अंगाच्या खालच्या एक तृतीयांश भागात. मग अर्धा तास जागचा हलू नकोस. आणि रायफल सीझनला कमरेच्या वर निदान ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी, डोक्यावरची टोपीसुद्धा, सक्तीचं आहे.

तिकडे हरणांत सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग आहे, डोक्याची तपासणी करून घ्यायची, पॉझिटिव्ह आलं तर खायचं नाही.

मांसाला चरबी जवळजवळ नसते, नळीचे तुकडे मंद आचेवर तीन तास लागतात. इथून न्यायचं विचारलंस ना, कांदा-लसूण मसाला ने.