गोव्यातल्या बोंडल्याच्या झूमध्ये ब्लॅक अँड व्हाइट रोलवर भकास, करकरीत मूड कसा आणायचा?

तुम्ही लिहिलंय की एचपी५ चा, म्हणजे इलफर्डच्या ४०० आयएसओच्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा, रोल टाकून बोंडल्याला गेलात, पिंजरे, गवे, सगळं काढलं आणि हातात आलं ते नुसतं राखाडी, बघून पिकनिकचे फोटो वाटतात. होतं असं. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर जे बघेल ते मधल्या राखाडीत आणून ठेवतं, आणि तिथे जिकडे बघावं तिकडे झाडी, म्हणजे अजूनच राखाडी.

ग्रेन, फिल्टर वगैरे सगळं नंतर हो. आधी फ्रेममध्ये काय ठार काळं जायला पाहिजे ते ठरवा. सगळे सांगतात सावलीतला डिटेल जपा, इथे नेमकं उलटं करायचं, मीटरिंग उजेडाचं करा आणि सावली मेली तर मरू दे.

गव्याचंच घ्या. आपला राज्यप्राणी, आणि ब्लॅक अँड व्हाइटसाठी याच्यासारखा दुसरा नाही. मोठा नर जवळजवळ काळाच असतो, पण गुडघ्याखाली चारही पाय पांढरे, मोजे घातल्यासारखे, कपाळही फिकट. मीटर त्याच्या अंगावर धरून आहे तसंच एक्स्पोजर दिलंत की तो राखाडी म्हैस होणार. फिल्म ४०० ची असली तरी कॅमेऱ्याचा आयएसओ १६०० वर सेट करून (याला पुश म्हणतात, डेव्हलप करताना वेळ वाढवायचा) अंगावरच्या रीडिंगपेक्षा दोन स्टॉप कमी द्या, एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. तो सावलीत उभा असला तर धड जवळपास गायब होतं, उरतात चार पाय आणि शिंगांची कड, आणि अशी एक फ्रेम मिळाली की रोल वसूल.

दुपारी फोटो काढू नका असं सांगतात ना, ते लग्नाच्या फोटोला ठीक आहे. मला तर अकरा ते एकचं ऊनच हवं असतं, सूर्य डोक्यावर आला की पिंजऱ्यातल्या गुहेसारख्या खोलीचं तोंड काळं भोक होतं आणि बाहेरचा काँक्रीट पांढराफटक. फक्त झाडाखालचे उन्हाचे कवडसे टाळा, त्याने सगळी फ्रेम ठिपक्याठिपक्यांची होते आणि भकासपणा जातो. १६०० ला भर उन्हात जुन्या कॅमेऱ्याचा सगळ्यात वेगवान शटरही पुरत नाही हे खरं, पण लाल २५ नंबरचा फिल्टर तीन स्टॉप खातो, मग एफ ११ अ‍ॅपर्चरला १/५०० सेकंदाच्या आसपास आरामात बसतं.

त्या लाल फिल्टरची आपल्याकडे एक भानगड आहे मात्र. पाऊस गेल्यावर आकाश निळं असतं तेव्हा तो आकाश काळवंडून टाकतो, हिरवळही खाली बसवतो, पण मागे चिऱ्यांची (जांभ्या दगडाची) भिंत किंवा लाल माती असली की ती उजळ होते, कारण लाल उजेड तीच तर परत फेकते. प्राणी काळा आणि भिंत फिकट हवी असेल तर उत्तमच. भिंतच अंगावर यायला हवी असेल तर हिरवा फिल्टर लावा, चिरे काळे पडतात, पानं फिकट होतात, जरा आजारी दिसतात, ते मला आवडतं. जून-जुलैच्या ढगाळ पांढऱ्या आकाशापुढे मात्र कुठल्याच फिल्टरचं काही चालत नाही, आकाश सरळ फ्रेमबाहेर ठेवा.

जाळी घालवायचा नाद सोडा. झूमध्ये भकास काय असतं तर जाळीच, एफ ११ वर ठेवून तिलाच फोकस करा आणि प्राणी मागे धूसर जाऊ दे. बिबट्या झोपलाय म्हणून शिट्ट्या मारू नका, झोपलेलाच जास्त चांगला दिसतो. आणि गुरुवारी झू बंद असतं, उसगावपर्यंत जाऊन परत फिरू नका.

डेव्हलप घरी करत असाल तर आयडी-११ डेव्हलपरच्या स्टॉकमध्ये (पाणी न मिसळता) २० डिग्रीला ४०० साठी साडेसात मिनिटं, १६०० साठी १४ मिनिटं. एवढा वेळ वाढवूनही सावल्या फारशा वर येत नाहीत, उजेडाचा भाग तेवढा चढत जातो, कॉन्ट्रास्ट तिथूनच येतो. आपल्याकडे नळाचं पाणी २० डिग्रीला कधी नसतं, तेव्हा बर्फाच्या बादलीत बाटल्या आधी ठेवून थर्मामीटरने बघा, नाहीतर १४ मिनिटांत निगेटिव्ह भलतीच जाड, म्हणजे गडद, होईल.

रोल कुरिअरने बाहेर पाठवत असाल तर तुमचा राखाडी प्रॉब्लेम कदाचित स्कॅनमध्येच असेल. लॅबचे स्कॅनर बऱ्याचदा ऑटो करेक्शनवर असतात, काळं दिसलं की उचलून राखाडी करतात. पाकिटावर '१६०० पुश, ऑटो करेक्शन बंद' असं ठळक लिहा आणि निगेटिव्ह परत मागवा. आता आलेली निगेटिव्ह आधी खिडकीच्या उजेडाला धरून बघा, सावलीच्या जागी फिल्म अगदी स्वच्छ पारदर्शक दिसली तर काळं तुमच्याकडे आहेच, फक्त स्कॅन परत करून घ्या.