हिवाळ्यात अलास्का-युकॉनकडच्या लांब पल्ल्याच्या कार रॅलीत उतरायचं तर गाडी किती वेगात चालवता यायला हवी?

तुमच्या प्रश्नाचा शेवट आधी घेतो. "मित्राकडे तीनशे हॉर्सपॉवरची गाडी आहे, दोघंही वेगात चालवतो, जिंकायची शक्यता किती?" वेगाच्या जोरावर म्हणाल तर काहीच नाही. उलट तुम्ही दंड भरत जाल.

मी ज्या रॅलीत नॅव्हिगेटर म्हणून, म्हणजे ड्रायव्हरशेजारी मार्ग आणि वेळेचा हिशोब ठेवायला, बसलो होतो ती अल्कॅन ५०००. १९८४ मध्ये सुरू झाली. कधी उन्हाळ्यात होते, कधी हिवाळ्यात, आणि सुटते सिअ‍ॅटलजवळच्या कर्कलंडमधून. नावातले ५००० म्हणजे मैल, अंदाजे आठ हजार किलोमीटर. मार्ग दर खेपेला बदलतो. आम्ही कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातून अलास्का हायवेनं त्याच्या उत्तरेच्या युकॉनमध्ये गेलो, तिथून डेम्पस्टर हायवेनं थेट आर्क्टिक महासागराच्या काठावरच्या तुक्तोयाक्तुकला. गाडी म्हणजे मित्राची दहा वर्षं जुनी फोर-व्हील ड्राइव्ह स्टेशन वॅगन, टायर मात्र नवेकोरे आणि खिळ्यांचे. पैसे टायरवर घाला, इंजिनावर नको.

ही शर्यत नाही. या प्रकाराला टाइम-स्पीड-डिस्टन्स म्हणतात, बोलताना टीएसडी. हातात एक मार्गपुस्तिका मिळते: इथून अमुक सरासरी वेग धरा, तमुक वळणानंतर तो बदला. वेग कायद्याच्या मर्यादेतलेच असतात. वाटेत वेळ कुठे मोजली जाणार हे आधी कळत नाही. त्या जागी तुम्ही ठरल्या सेकंदाला पोचायचं. उशीर झाला तर सेकंदाच्या हिशेबानं दंड, आणि लवकर पोचलात तरी तोच दंड. दिवसातलं बरंचसं अंतर नुसतं मुक्कामाला पोचायचं असतं. मोजणीचे टप्पे मधूनमधून येतात. त्यामुळे चार तास कंटाळवाणं ड्रायव्हिंग आणि मग अचानक वीस मिनिटं डोक्याला घाम, असा दिवस जातो.

आता गणित. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे एका किलोमीटरला ५० सेकंद. वीस किलोमीटरच्या तुकड्याला हजार सेकंद लागायला हवेत. तुमच्या गाडीचं अंतर मोजणारं यंत्र फक्त एक टक्का चुकत असेल तर तिथेच दहा सेकंदांची वाट लागली. निकालात वरच्या जागांवरच्या जोड्या एकेका सेकंदावर भांडत असतात. म्हणून सुरुवातीला एक ठरावीक अंतर चालवून आपलं मोजमाप आयोजकांच्या मोजमापाशी जुळवून घेतात. आम्हीही घेतलं, कोरड्या डांबरावर, गरम टायरनिशी, आणि मी खूष.

संध्याकाळी जंगलातला, लाकडाचे ट्रक जातात तसला बर्फाळ रस्ता आला. माझ्या आकड्यांप्रमाणे आम्ही अगदी वेळेवर होतो. मित्र दोनदा म्हणाला, "आपण मागे पडलोय असं वाटतंय." मी म्हटलं, तू गाडी चालव, हिशोब माझ्याकडे आहे. निकाल लागला तेव्हा वेळ मोजायच्या प्रत्येक नाक्यावर उशीर, आणि तो वाढत गेलेला: चार, सात, अकरा सेकंद.

कारण साधं होतं. बर्फावर चारही चाकं थोडी थोडी घसरतात. चाक फिरतं तेवढी गाडी पुढे जात नाही. यंत्र दहा किलोमीटर दाखवतं तेव्हा प्रत्यक्षात तुम्ही थोडे अलीकडेच असता. त्यात थंडीची भर. सिअ‍ॅटलला आठ अंशात ३५ पौंड हवा भरली होती. उणे ३५ ला तीच साताठ पौंडांनी उतरते, चाकाचा घेर किंचित कमी होतो आणि चूक त्याच दिशेला आणखी सरकते. दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी हवा तपासायला लागलो आणि वहीत अंतर दुरुस्त करायचे दोन गुणक ठेवले, एक डांबराचा, एक बर्फाचा. जीपीएसवरून अंतर घेणारेही असतात आणि ते शहाणे असतात. मित्रानं मात्र पुढचे आठ दिवस "हिशोब तुझ्याकडे आहे ना?" हे वाक्य सोडलं नाही.

अलास्का हायवेबद्दल थोडक्यात, कारण खरं सांगायचं तर तो आता चांगला रस्ता आहे. अमेरिकी लष्करानं १९४२ मध्ये काही महिन्यांत तो जंगलातून काढला. सुरू होतो डॉसन क्रीकला. डॉसन सिटी वेगळी, ती युकॉनमध्ये, आणि दोन्हींमध्ये दोन हजार किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. खोली आरक्षित करताना नाव नीट वाचा. लिआर्ड नदीच्या पट्ट्यात रानगवे रस्त्यावर उभे असतात आणि हॉर्नला अजिबात दाद देत नाहीत. पहाटे आणि अंधारात तिथे पाय ब्रेकजवळच ठेवायचा. मोजणीच्या टप्प्यात काही आडवं आलं तर लगेच लेखी कळवून वाया गेलेला वेळ मागून घ्यायची सोय असते, पण ती नियमात कशी दिलीय ते घरी बसून वाचा. गवा समोर असताना पानं चाळायला जमत नाही.

थंडीचं विचाराल तर, याच हायवेच्या पश्चिम टोकाकडे स्नॅग नावाची जागा आहे. तिथे ३ फेब्रुवारी १९४७ ला उणे ६३ अंशांची नोंद झाली होती. आम्हाला सगळ्यात कमी उणे ३८ मिळालं, तेवढं पुष्कळ झालं. त्या थंडीत बॅटरीचा जोर निम्म्याच्याही खाली येतो आणि त्याच वेळी तेल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. म्हणून झीरो-डब्ल्यू वर्गाचं, थंडीतही पातळ राहणारं सिंथेटिक तेल, नवी बॅटरी आणि ब्लॉक हीटर. हा हीटर रात्रभर विजेवर इंजिनाच्या आतलं पाणी कोमट ठेवतो. उत्तरेकडच्या मोटेलांच्या पार्किंगमध्ये त्यासाठी प्लगचे खांबच असतात. कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या त्या पाण्यात, एक गंमत आहे. लोकांना वाटतं, पाणी न घालता नुसतं अँटीफ्रीझ भरलं की झालं. पण त्यातलं मुख्य द्रव्य, नुसतं इथिलिन ग्लायकॉल, उणे १३ च्या सुमारासच गोठतं. साठ टक्के ते आणि चाळीस टक्के पाणी, हे मिश्रण उणे पन्नासपर्यंत टिकतं.

आता डेम्पस्टर. डॉसन सिटीच्या पूर्वेला चाळीसेक किलोमीटरवर तो फुटतो आणि इनुविक गावापर्यंत ७३६ किलोमीटर जातो. जवळजवळ सगळी खडी, हिवाळ्यात तिच्यावर दाबलेला बर्फ. सुरुवातीपासून ३६९ व्या किलोमीटरला ईगल प्लेन्स येतं: एक हॉटेल, एक पंप. तोपर्यंत मध्ये इंधन नाही, म्हणून टाकी काठोकाठ भरा आणि डबाही सोबत ठेवा, कारण थंडीत गाडी जास्त पिते. ४०५ ला आर्क्टिक वृत्ताची पाटी, तिथे सगळेच फोटो काढतात.

तिथून पुढे वाऱ्याचा मुलूख. खालची कायम गोठलेली जमीन वितळू नये म्हणून हा रस्ता खडीचा जाड थर टाकून उंच उचललेला आहे. वारा कडेचा खड्डा बर्फानं भरून टाकतो आणि रस्ता कुठे संपला हे दिसत नाही. सगळंच पांढरं, सपाट. तेव्हा गाडी मी चालवत होतो. समोरून ट्रक आला, त्याला जागा द्यावी म्हणून उजवीकडे सरकलो, जेमतेम हातभर. चाक मऊ बर्फात गेलं आणि त्यानं गाडीच आत ओढून घेतली. आदळआपट नाही, आवाज नाही. उशीत बसल्यासारखे आम्ही तिरके बसलो. ट्रकच्या मागे उडालेल्या बर्फात त्याला आम्ही दिसलोही नसणार.

तो मोजणीचा टप्पा नव्हता एवढंच नशीब. सायलेन्सरचं तोंड बर्फात गाडलं गेलं असेल तर धूर आत येतो, म्हणून आधी ते फावड्यानं मोकळं केलं. पंचवीस मिनिटांनी मागची स्पर्धक गाडी आली. एकूण निकालात ते आमच्यापेक्षा सहा सेकंदांनी मागे होते आणि त्यांनी काही न विचारता दोर काढला. तिथे सगळे असंच थांबतात. दुसऱ्या दिवशी ते आमच्या पुढे गेले, आणि मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं.

पुढे पील आणि मॅकेन्झी या दोन नद्या. उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरूनच रस्ता. तिथे वेगाची पाटी असते ती मनापासून पाळा. जड गाडी जोरात गेली की बर्फाखालच्या पाण्यात लाट तयार होते आणि ती किनाऱ्याजवळ बर्फ फोडू शकते. इनुविकहून तुक्तोयाक्तुकचा रस्ता नोव्हेंबर २०१७ पासून बारमाही आहे. त्याआधी हिवाळ्यात नदी आणि समुद्राच्या बर्फावरूनच जात असत.

तर तुमच्या मित्राची गाडी चालेल का? चारही टायर खिळ्यांचे बसत असतील आणि पोटाखाली थोडी उंची असेल तर चालेल. आधी मात्र ठरवा की आठ हजार किलोमीटर शेजारी बसून आकडे कोण वाचणार, आणि ओळीनं तीन रात्री पाच तास झोप मिळाल्यावर तो माणूस कसा वागतो. आमचं पहिलं खरं भांडण व्हाइटहॉर्समध्ये झालं, एका सँडविचवरून.

आणि ब्लॉक हीटरची वायर पुढच्या जाळीतून बाहेर काढून घ्या, पण सकाळी निघताना ती खांबावरून सोडवा. आम्ही दोनदा विसरलो.