फुजीफिल्म एक्स१००व्हीआय घ्यावा का, की नुसती जुन्या कॅमेऱ्याची ऐट?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आजवर सगळे फोटो फोनवर काढले, घरात चार वर्षांची मुलगी आहे, मे महिन्यात कोकणात जाणं होतं आणि रील बघून बघून हा कॅमेरा मनात भरलाय. दीड लाखाच्या आसपास पैसे मोजायचे, ते नुसत्या दिसण्यापायी तर जाणार नाहीत ना?

थोडे जातात, नाही कशाला म्हणू. पण खरे पैसे आहेत ते त्याच्या व्ह्यूफाइंडरचे आणि शटरचे, आणि नेमकं त्याबद्दल रीलवाले चकार शब्द काढत नाहीत. मी या मालिकेतला एक्स१००एफ बरीच वर्षं वापरला, आता व्हीआय वापरतो.

व्ह्यूफाइंडर दोन तऱ्हेचा आहे. पुढच्या बाजूला एक खटका आहे, तो ओढला की डोळ्यासमोरची छोटी इलेक्ट्रॉनिक स्क्रीन जाते आणि साधी काच येते, खिडकीतून बघावं तशी. त्या काचेवर पांढरी चौकट तरंगत असते. फोटो चौकटीपुरताच येणार, पण बाहेरचंही दिसतं. म्हणजे पोरगी डावीकडून धावत चौकटीत शिरतेय हे आधीच कळतं आणि बोट तयार राहतं. शिवाय फोटो निघताना डोळ्यापुढे अंधार येत नाही, डोळे मिटले होते का तेही तिथंच समजतं. अगदी जवळच्या वस्तूला मात्र ही काच चालत नाही, कारण ती लेन्सच्या वर एका बाजूला आहे आणि नेम चुकतो. तेव्हा खटका पुन्हा ओढायचा.

आता शटर. शटर म्हणजे ठरलेल्या वेळेपुरता उजेड आत सोडणारा पडदा. बहुतेक लेन्स बदलणाऱ्या कॅमेऱ्यांत तो सेन्सरच्या, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपच्या, पुढ्यात असतो आणि फ्लॅशबरोबर साधारण १/२०० किंवा १/२५० सेकंदापेक्षा जलद नीट चालत नाही. इथं शटर लेन्सच्या आत आहे आणि ही अट जवळजवळ सुटते. समजा, भर दुपारी बारा वाजता मावशी अंगणात आंबोशी वाळत घालतायत. आकाश सांभाळायचं तर चेहरा काळा आणि चेहरा उजळायचा तर आकाश पांढरंफटक. इतर कॅमेऱ्यात १/२०० वर अडकल्यामुळे अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, एफ/१३ च्या आसपास इतकं बारीक करावं लागतं आणि अंगच्या इवल्याशा फ्लॅशचा उजेड तिथं पोचतच नाही. यात भोक मोठं, एफ/४, आणि शटर १/२००० ठेवा, तीन-चार फुटांवरून अंगचाच फ्लॅश मारा. निळं आकाश राहतं आणि पदराखालचा चेहराही दिसतो. वर आतच एनडी फिल्टर, म्हणजे गॉगलसारखी काळसर काच, आहे, एक बटण दाबलं की उजेड सोळा पटीनं कमी. कोकणातल्या उन्हात मला मेगापिक्सेलपेक्षा याचंच मोल जास्त वाटतं. आणि या शटरचा आवाज इतका बारीक की झोपलेलं मूल हलत नाही.

डायलींचं म्हणाल तर त्या शोभेच्या नाहीत. अॅपर्चर लेन्सच्या रिंगवर, शटर वरच्या डायलवर. कॅमेरा बंद असतानाही सगळं मांडलेलं दिसतं. दोन्ही ‘ए’ वर ठेवलं की तो आपोआप चालतो, त्यामुळे घरात कोणाच्याही हाती द्या. आयएसओची, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता ठरवणारी, रिंग तेवढी डोक्याला ताप. शटरच्या डायलची कड वर उचलून फिरवायची. दिसायला झकास, घाईत नकोशी. मी ती ऑटोवर टाकलीय आणि तिच्या वाटेला जात नाही.

रंगांबद्दल तुम्ही भरपूर ऐकलं असेल. वीस फिल्म सिम्युलेशन, म्हणजे जुन्या फिल्मच्या धर्तीवरच्या तयार रंगछटा, आहेत. मी घरच्या फोटोंना क्लासिक निगेटिव्ह वापरतो, कृष्णधवलला अॅक्रॉस. फोटो संगणकावर घेऊन बसण्याचा कंटाळा असेल तर याचं सरळ जेपेग पुरतं.

आता निर्णय खरा कशावर अडतो ते बघा. लेन्स एकच, २३ मिमी एफ/२, म्हणजे फुल फ्रेमच्या (जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या) हिशोबात ३५ मिमी, बऱ्यापैकी रुंद दृश्य. बदलता येत नाही, झूम नाही. शाळेच्या गॅदरिंगला मागच्या रांगेतून मुलीचा चेहरा टिपायचा असेल तर हा कॅमेरा कामाचा नाही. जवळचं दिसावं म्हणून ५० आणि ७० मिमीची सोय दिलीय, पण ते नुसतं फोटोच्या कडा कापणं. ४० मेगापिक्सेल आहेत म्हणून निभावतं. म्हणून खरेदीआधी महिनाभर फोनचा कॅमेरा दीड पटीवर ठेवा, बहुतेक फोनांत ते ३५ च्या जवळपास येतं. जवळ जायचं असेल तर पायांनी जा. चिडचिड झाली तर पैसे वाचले.

फोकस मुलांच्या धावपळीत कधी कधी हुकतो, अपेक्षा त्या मानानं ठेवा. २०२४ च्या या मॉडेलात सेन्सर हलून हाताची थरथर सावरतो, दिवाळीत पणत्यांच्या उजेडात ते फार उपयोगी. पण हललेलं मूल त्यानं स्थिर होत नाही. वजन ५२१ ग्रॅम, म्हणजे खिशातला नाही, गळ्यातला. पावसाचं लक्षात घ्या: पुढे अॅडॉप्टर रिंग आणि ४९ मिमीचा फिल्टर लावल्याशिवाय त्याचं पाण्यापासूनचं संरक्षण पुरं होत नाही आणि ते दोन्ही वेगळे विकत घ्यावे लागतात. दुसरी बॅटरीही हवीच.

बजेट ताणलं जात असेल तर २०२० चा एक्स१००व्ही जुना बघा. लेन्स तीच, काच तीच, एनडी तोच. थरथर सावरणं नाही आणि मेगापिक्सेल २६. मात्र मधे समाजमाध्यमांवर त्याची अशी हवा झाली की जुन्याचे भाव नव्याच्या वर गेले होते, तेव्हा नव्याच्या किमतीत जुना गळ्यात घेऊ नका. खिशात मावणाराच हवा असेल तर रिको जीआर थ्री एक्स, पण त्यात व्ह्यूफाइंडरही नाही आणि अंगचा फ्लॅशही नाही.

घ्यायचा ठरला तर छापील किमतीच्या वर एक रुपया देऊ नका आणि पक्कं बिल व भारतातली वॉरंटी असल्याशिवाय पैसे सोडू नका. ‘बाहेरून आणलाय, दहा हजार कमी’ असं कोणी म्हणालं तर दुरुस्ती कोण करणार एवढंच विचारा.