हलता येत नाही, की हलावंसं वाटत नाही?

प्रिय विद्यार्थिनी,

तू लिहितेस, 'डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन, असं सगळीकडे वाचते. त्यावरची औषधं प्राण्यांचं वागणं कसं बदलतात, हेच शिकायचंय. बी.फार्म.नंतर यात करिअर आहे का? आणि उंदरांवर प्रयोग करायला माझं मन धजावेल का?'

ते 'आनंदाचं रसायन' आधी बाजूला ठेव. १९५७ साली स्वीडिश शास्त्रज्ञ आर्विड कार्लसन यांनी रिसर्पीनमुळे (हे औषध मेंदूतला डोपामाइनचा साठा रिकामा करतं) निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा, म्हणजे शरीर ज्यापासून डोपामाइन बनवतं ते द्रव्य दिलं, तेव्हा ससे पुन्हा हिंडू-फिरू लागले. त्या वाटेवरच्या कामाला २००० साली नोबेल मिळालं. त्यात आनंदाचा विषयच नव्हता.

हॅलोपेरिडॉल हे मनोविकारांवरचं औषध डी-२ रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची डोपामाइनचा संदेश घेणारी एक जागा, अडवतं. डोस पुरेसा असेल, तर पुढचे पाय आडव्या दांडीवर ठेवलेला उंदीर तसाच अवघडून राहतो. डोस बराच कमी असेल, तर गंमत वेगळीच. आवडत्या खाऊसाठी खटका दाबत बसणारा उंदीर तो नाद सोडतो आणि शेजारी आयतं ठेवलेलं साधं खाद्य खातो. भूक आहे, चालता येतंय, फक्त खटपट नकोशी झालीय. अपोमॉर्फिन हे औषध तर नवख्यांना हमखास चकवतं. ते डोपामाइनसारखंच रिसेप्टरला चेतवतं, तरी अगदी कमी डोसला हालचाल मंदावते. डोपामाइन सोडणाऱ्या पेशींवरचेच रिसेप्टर आधी चेततात आणि पुरवठा आखडतो, असं त्याचं कारण मानतात. डोस वाढवा, तोच प्राणी हुंगणं, चाटणं, कुरतडणं थांबवत नाही.

'हलला नाही' या एका नोंदीमागची अशी वेगवेगळी कारणं सोडवत बसायला आवडणार असेल, तर हे क्षेत्र तुझं. एम.फार्म.ला फार्माकॉलॉजी घे, किंवा न्यूरोसायन्समध्ये एम.एस्सी. कर. स्वतःचे प्रश्न घेऊन काम करायचं तर पीएच.डी.ला पर्याय नाही. औषध कंपन्यांच्या प्राणी-चाचणी विभागात त्याशिवायही शिरकाव होतो. संख्याशास्त्र मात्र टाळू नकोस. व्हिडिओवरून हालचाल मोजणारी सॉफ्टवेअर आली, तरी आकड्यांचा अर्थ माणसालाच लावावा लागतो.

मन धजावेल का, हे मी कसं सांगू? प्राणी कमीत कमी वापरावेत, त्यांना त्रास कमी व्हावा, यासाठी नियम आणि नैतिक समित्या आहेत. तरीही हात थरथरले, तर त्यात कमीपणा नाही. पेशींवर किंवा संगणकावर रिसेप्टर अभ्यासणारेही याच विषयातले.

प्रवेश घेण्याआधी एखाद्या प्रयोगशाळेत परवानगी काढून एक दिवस बस. एकाच उंदराकडे दहा मिनिटं बघ आणि 'सुस्त', 'घाबरलेला', 'खूश' हे शब्द न वापरता तो काय करतोय ते लिही. ते पान मला पाठव, मग पुढचं बोलू.