गाभारा नसलेलं देऊळ

प्रश्न: जपानमधल्या नारा भागातल्या ओमिवा मंदिरात म्हणे मूर्ती नाही की गाभारापण नाही, मग लोक नमस्कार कशाला करतात?

उत्तर: डोंगरालाच! मिवा डोंगर, उंची 467 मीटर, हाच तिथला देव मानतात, म्हणजे ओमोनोनुशी हा देव त्या डोंगरातच वास करतो अशी श्रद्धा आहे, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळा गाभारा बांधायची गरजच कुणाला वाटली नाही. जपानच्या सगळ्यात जुन्या देवस्थानांत याची गणना होते, आठव्या शतकातल्या ग्रंथांतही उल्लेख आहे.

आता रचना बघा. खाली कमानीतून आत शिरलं की झाडीतून वाट जाते, पुढे प्रार्थनेचा हॉल, तो 1664 मध्ये शोगुन (जपानचा लष्करी शासक) तोकुगावा इएत्सुनाने बांधून घेतला. हॉलच्या मागे तीन कमानी एकत्र जोडलेलं एक वेगळंच दार आहे, आणि त्याच्या पलीकडे थेट डोंगर, त्या दारातून भाविक आत जात नाहीत. मला तर ही मांडणी फार म्हणजे फारच आवडते, सगळी नजर आपोआप डोंगराकडेच जाते.

वर चढायचं असेल तर बाजूच्या साई नावाच्या जपानी मंदिरात (आपल्या साईबाबांशी संबंध नाही) नोंद करून, गळ्यात पांढरा पट्टा घालून जायचं, वर फोटो काढायला आणि खायला बंदी. वाटेत आणि माथ्यावर पवित्र शिळांचे समूह लागतात, पूजा त्यांच्यापाशी व्हायची. आणि हो, हा देव साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, बनवणाऱ्यांचाही, म्हणून साकेच्या दुकानांवर सीडरच्या पानांचे गोळे टांगतात ती प्रथा याच देवस्थानाशी जोडलेली आहे.