खांद्याला पेलेल आणि आवाजही फाटणार नाही

प्रश्न : मी डोंबिवलीत राहतो, वय ५४. नोकरी सांभाळून गेली अकरा वर्षे जॅझ गिटार वाजवतो. महिन्यातून दोन शनिवारी वांद्र्याच्या एका छोट्या उपाहारगृहात आमचे त्रिकूट वाजवते. मी, डबल बेस आणि ड्रम्स, आणि ड्रमवाले मित्र बहुतेक वेळ काठ्यांऐवजी मऊ आवाजाच्या ब्रशनेच वाजवतात. माझ्याकडे हंबकर (दुहेरी गुंडाळीचा पिकअप) बसवलेली हॉलो बॉडी, म्हणजे पोकळ पेटीची गिटार आणि २२ वॉटचा ट्यूब ॲम्प, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा ॲम्प्लिफायर आहे. ॲम्पचे वजन १९ किलो. तो उचलून दादरचा पूल चढणे आता बंद करा, असे डॉक्टरांनी बजावले आहे. हलका ॲम्प घ्यायचा तर एक दुकानदार ३० वॉट पुरेत म्हणतात, दुसरे २०० वॉटचा इवलासा डबा दाखवतात आणि आमचे बेसवाले म्हणतात की ट्यूबशिवाय जॅझचा आवाज निघतच नाही. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपल्या बेसवाल्या मित्रांचे म्हणणे आधी बाजूला काढू, कारण त्यात अर्धेच सत्य आहे. जॅझ गिटारवादक जो पास यांच्या नावाशी जो पॉलिटोन मिनी-ब्रूट ॲम्प कायमचा जोडला गेला, तो ट्रान्झिस्टरवर चालणारा होता. रोलँडचा जेसी-१२०, म्हणजे १९७५ साली आलेला ‘जॅझ कोरस’, त्यातही ट्यूब नाही आणि स्वच्छ आवाजाचा मापदंड म्हणून आजही त्याचेच नाव घेतात. उलट १९३९ साली बेनी गुडमन यांच्या जॅझ वाद्यवृंदात दाखल झालेले गिटारवादक चार्ली ख्रिश्चन ट्यूबच्याच ॲम्पवर वाजवत, आणि त्यांची ध्वनिमुद्रणे कान देऊन ऐकली तर जोराच्या स्वरांना किंचित खरखर लागलेली कळते. तेव्हा स्वच्छ आवाजासाठी ट्यूब अनिवार्य आहे असे नाही. ट्यूबचा खरा गुण असा की तिची ताकद संपत आली की आवाज हळूहळू दाटत जातो, तर ट्रान्झिस्टरचा ॲम्प मर्यादेपर्यंत निर्मळ राहतो आणि ती ओलांडताच कर्कश फाटतो. म्हणून बिनट्यूबचा ॲम्प घेताना ताकदीची शिल्लक थोडी जास्त ठेवावी लागते, एवढाच धडा यातून घ्यावा.

आता वजनाकडे वळू. आपल्या १९ किलोंतले बरेचसे वजन लोखंडाचे आहे. ट्यूब ॲम्पला दोन ट्रान्सफॉर्मर लागतात, एक घरातली वीज ट्यूबच्या उंच व्होल्टेजपर्यंत नेणारा आणि दुसरा ट्यूबमधून निघालेला प्रवाह स्पीकरला सोसेल असा करणारा. सेकंदाला ५० आवर्तनांच्या विजेवर काम करायचे तर त्यांचा लोखंडी गाभा जाडजूडच असावा लागतो. ‘क्लास डी’ प्रकारचे आजचे ॲम्प बहुधा स्विचिंग पॉवर सप्लायवर चालतात. त्यात तीच वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद केली जाते आणि मग तेच काम मुठीत मावेल एवढा ट्रान्सफॉर्मर करतो. वजनाचा दुसरा वाटेकरी म्हणजे स्पीकरचे चुंबक. फेराइटच्या जड चकतीऐवजी निओडिमियमचे छोटे चुंबक वापरले की बारा इंची स्पीकर दोन-तीन किलोंनी सहज हलका होतो. उरलेले वजन खोक्याच्या लाकडाचे असते, आणि तिथे मात्र फार काटकसर केलेली मला आवडत नाही, कारण पातळ खोका खर्जाच्या स्वरांबरोबर स्वतःच थरथरू लागतो.

३० आणि २०० वॉटचा घोळ असा आहे. वॉट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही, तो फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटावा म्हणून साधारण दहापट ताकद लागते. शिवाय वॉटचा आकडा स्पीकरच्या संवेदनशीलतेशिवाय निरर्थक आहे. एक वॉट दिल्यावर एक मीटर अंतरावर १०० डेसिबल देणारा बारा इंची स्पीकर १२ वॉटमध्ये जितका आवाज करील, तितकाच आवाज ९० डेसिबल देणाऱ्या छोट्या स्पीकरकडून काढायला १२० वॉट लागतील. छोट्या डब्यांवर मोठमोठे आकडे दिसतात ते बहुतांशी यामुळे. ते आकडे खोटे असतात असे नव्हे, पण ते बढाई मारण्यासाठी नसून स्पीकरची उणीव भरून काढण्यासाठी असतात. आपल्यासारख्या वादनात सरासरीने एक-दोन वॉटच खर्च होत असतील, मात्र अंगठ्याने पाच सुरांचा कॉर्ड एकदम छेडला की क्षणभर त्याच्या कितीतरी पट ताकद मागितली जाते आणि त्या क्षणी ती नसली तर आवाज फाटतो. ब्रशचे ड्रम्स आणि लहान जागा लक्षात घेता चांगल्या बारा इंची स्पीकरसह ४०-५० वॉट, किंवा सहा-आठ इंची स्पीकरसह ६० ते १२० वॉट, एवढे आपल्याला पुष्कळ झाले.

माझ्या मते वॉटपेक्षा स्पीकरचा आकार हा अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. बारा इंची स्पीकरच्या पडद्याचे क्षेत्रफळ साडेसहा इंचीच्या तिपटीहून जास्त असते. आपल्या गिटारची सर्वांत खालची मोकळी तार सुमारे ८२ हर्ट्झवर बोलते आणि जॅझ गिटारचा जीव तिच्या वरच्या दोन सप्तकांत, म्हणजे मंद्र आणि मध्य यांच्या सांध्यावर असतो. तिथला भरीवपणा मोठ्या पडद्यावर आपोआप येतो. छोट्या स्पीकरवर तो आणायला खोक्याची आखणी फार कौशल्याची लागते, नाहीतर चौथ्या-पाचव्या तारेवरचे सूर पुठ्ठ्याच्या खोक्यातून आल्यासारखे वाटतात. तरीही आपल्याबाबतीत एक गोष्ट छोट्या स्पीकरच्या बाजूची आहे. डबल बेस सोबतीला असताना गिटारने खालचा मुलूख मोकळा सोडायचाच असतो. घरी एकट्याने वाजवताना जो आवाज किरकोळ वाटतो, तोच त्रिकुटात नेमका बसतो, आणि घरी दाट वाटणारा आवाज बेसवाल्यांच्या अंगावर जातो.

बाजारातले जे ॲम्प या कामासाठी वापरले जातात त्यांतील मोजक्यांविषयी लिहितो. फेंडरच्या ‘टोन मास्टर’ मालिकेतला डिलक्स रिव्हर्ब सुमारे साडेदहा किलोंचा आहे. त्यात ट्यूब नसून ट्यूबच्या मंडलाची डिजिटल नक्कल आहे, स्पीकर निओडिमियमचा बारा इंची आहे आणि मागच्या बाजूला ताकद उतरवण्याची कळ आहे. मूळ डिलक्स रिव्हर्ब २२ वॉटचा आणि १९ किलोंचा, म्हणजे आपल्या वर्णनावरून आपल्याकडे बहुधा त्याच घराण्यातला ॲम्प असावा. आवाजाची सवय न मोडता वजन निम्म्यावर आणायचे असेल तर हा सरळ रस्ता आहे. जर्मनीतील एईआर कंपनीचा कॉम्पॅक्ट ६० हा ६० वॉटचा, आठ इंची स्पीकरचा आणि फक्त साडेसहा किलोंचा आहे. तो मुळात अकूस्टिक गिटारसाठी बनवलेला असला तरी जॅझवाल्यांनी तो केव्हाच आपलासा केला. अमेरिकेतील हेन्रिक्सन कंपनीचा ‘बड’ हा १२० वॉटचा, साडेसहा इंची स्पीकर आणि ट्विटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) असलेला, पावणेआठ किलोंच्या आसपासचा डबा खास याच वादनासाठी घडवलेला आहे. या दोन्हींवर वरचे स्वर लख्ख येतात. फ्लॅटवाउंड, म्हणजे गुळगुळीत वेटोळ्यांच्या तारा नसतील तर बोटांची घासघासही तितकीच लख्ख ऐकू येते, म्हणून ट्विटर बंद करता येत असेल तर तो बंद ठेवावा. रोलँडचा जेसी-४० मला आवडतो, पण तो जवळजवळ सोळा किलोंचा आहे आणि आपल्या डॉक्टरांना तो आवडणार नाही. बॉसचा ५० वॉटचा कटाना साडेअकरा किलोंच्या घरात जातो. त्याचा क्लीन, म्हणजे न फाटलेला स्वच्छ आवाज कामचलाऊ आहे, मात्र बाकीच्या शंभर सोयींचे पैसे जॅझवाल्याने विनाकारण मोजायचे असतात.

दुकानात जाण्यापूर्वी एक प्रयोग करावा. जुन्या पिशवीत आठ किलो तांदूळ भरून, पाठीवर गिटार घेऊन, शनिवारी संध्याकाळी दादरचा पूल एकदा पार करावा आणि पुढच्या खेपेला अकरा किलो भरून. मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेच्या फलाटावर उतरेपर्यंत एका हाताला जी तीन किलोंची तफावत जाणवेल, ती कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते. अकरा किलो जमले तर बारा इंची स्पीकरचा ॲम्प घ्यावा. जमले नाहीत तर मन कष्टी न करता आठ किलोंच्या आतला घ्यावा.

दुकानात स्वतःची गिटार न्यावी. तिथली सॉलिड बॉडी, म्हणजे भरीव लाकडाची गिटार हातात घेऊन जॅझचा ॲम्प पारखणे म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने वाचणे आहे. रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला गुंज देणारी सोय पूर्ण बंद करावी, टोनची बटणे मध्यावर ठेवावीत आणि आवाज आपण उपाहारगृहात ठेवता तितका, म्हणजे शेजारच्या माणसाला किंचित मोठ्याने बोलावे लागेल इतका करावा. मग तिसऱ्या आणि चौथ्या तारेवर पाचव्या ते दहाव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर सावकाश वाजवून प्रत्येक सूर सारख्या वजनाचा येतो का ते ऐकावे. एखादा सूर उसळून येत असेल तर तो खोक्याचा दोष असतो आणि तो बटणांनी जात नाही. जुन्या फेंडर घडणीच्या ॲम्पमध्ये मधल्या स्वरांचा भाग मुळातच दबलेला असतो, त्यामुळे बेस व ट्रेबल बरेच खाली आणि मिड असल्यास पूर्ण वर, अशी मांडणी तिथे विचित्र दिसली तरी कानाला बरोबर लागते.

आणि हे सगळे करण्याआधी उपाहारगृहाच्या मालकांना एकदा विचारून पाहावे. महिन्यात दोनदा वाजवायचे असेल आणि कोपऱ्यात कोरडी, कुलपाची जागा असेल, तर आपला १९ किलोंचा जुना ॲम्प तिथेच मुक्कामाला राहू शकेल आणि घरच्या सरावाला पाच किलोंचा कोणताही डबा चालेल.

प्रश्न : माझी आर्चटॉप (फुगीर माथ्याची पोकळ) गिटार खालच्या तारेवरच्या जी आणि ए या सुरांना घुमू लागते आणि मग थांबतच नाही. नव्या हलक्या ॲम्पवर हे वाढले आहे. ॲम्प बदलावा का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : घाई करू नये. पोकळ गिटारच्या पेटीतल्या हवेचा स्वतःचा एक सूर असतो आणि तो बहुधा याच दोन सुरांच्या आसपास पडतो. ॲम्पमधून तो सूर निघाला की पेटी हलते, पेटी हलली की तार हलते आणि चक्र सुरू होते. हलका ॲम्प आपण बहुधा जमिनीवर ठेवत असाल. जमिनीलगत ठेवलेल्या स्पीकरचा खर्ज फुगतो, आणि व्यासपीठ लाकडी असेल तर फळ्याही त्यात सामील होतात. ॲम्प खुर्चीवर ठेवावा, शक्यतो आपल्या बाजूला आणि गिटारच्या तोंडासमोर येणार नाही असा. ॲम्पवर फेजची, म्हणजे ध्वनिलहर उलटवणारी कळ असेल तर ती फिरवून पाहावी, लो-कट (खर्ज कापणारी) किंवा नॉच (एकच सूर कापणारी) सोय असल्यास ठरावीक सूर तेवढा कापावा. एवढे करूनही घुमणे राहिले, तर पेटीवरच्या एफ आकाराच्या छिद्रांत फोम बसवावा. गिटारचा मोकळा आवाज थोडा दबेल, पण ॲम्पमधून वाजवताना त्याने फारसे बिघडत नाही.

प्रश्न : मुलगा अमेरिकेहून येताना ॲम्प आणणार आहे. तिथे स्वस्त मिळतो. काही काळजी घ्यावी का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मुलाला ॲम्पच्या मागची पट्टी वाचून दाखवायला सांगा. तिच्यावर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असेल तर फक्त वायर बदलावी लागेल. नुसते १२० व्होल्ट असेल, तर आपल्या २३० व्होल्टच्या विजेसाठी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल, आणि ॲम्पमधून वाचवलेले किलो त्या लोखंडी ठोकळ्यातून परत खांद्यावर येतील. शिवाय कधी घाईत तो न जोडता प्लग थेट खोचला गेला तर दुरुस्तीचा खर्च बचतीपेक्षा मोठा होईल. आणखी एक. जुन्या वाड्यात किंवा सभागृहात गुणगुण ऐकू आली म्हणून तीन पिनांपैकी अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. एका जुन्या सभागृहात मी तो मानला होता. गिटारच्या तारा तिच्या ब्रिजवाटे अर्थिंगला जोडलेल्या असतात, त्यामुळे त्या दिवशी माइकला ओठ लागताच जो झटका बसला तो अजून आठवतो. गुणगुण आली तर भिंतीवरचा दुसरा सॉकेट पाहावा, दिव्याच्या डिमरपासून दूर बसावे, आणि सॉकेटला अर्थिंग आहे की नाही ते वायरमनकडून तपासून घ्यावे.